पाळकाच्या घरातील शाळा : आउगुस्ट हेर्मान फ्रांके

जर्मनीतील हाले शहराच्या वेशीबाहेर ग्लाउखा नावाची एक गरीब वस्ती होती. १६८२ साली तेथे प्लेगची साथ आली आणि तिने वस्तीतील बहुसंख्य माणसे नेली. मागे राहिली ती पोरकी मुले, कर्जात बुडालेले कारागीर आणि दारूचे गुत्ते. सुमारे २०० घरांच्या त्या वस्तीत ३७ गुत्ते होते, अशी नोंद आहे. १६९२ च्या आरंभी या वस्तीच्या मंडळीला एक नवा पाळक मिळाला. वय अवघे २८; परंतु दोन शहरांतून विरोध पत्करून आलेला, हिब्रू व ग्रीक भाषांत निष्णात आणि हाले येथे नव्याने निघत असलेल्या विद्यापीठात त्याच भाषांचा प्राध्यापक म्हणून नेमलेला. त्यांचे नाव आउगुस्ट हेर्मान फ्रांके.

फ्रांके यांचे नाव मिशनकार्याच्या इतिहासात आदराने घेतले जाते; कारण भारतात आलेले पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी त्यांच्याच विद्यापीठातून आले. परंतु त्यांच्या जीवनाचा खरा गाभा मिशनकार्याच्याही आधीचा आहे. गरिबाच्या मुलाला शिक्षण द्यायचे म्हणजे नेमके काय काय द्यावे लागते, हा प्रश्न त्यांना ग्लाउखात पडला आणि त्याचे उत्तर ते एकामागून एक आलेल्या अपयशांतून शिकत गेले.

त्यांचा जन्म १६६३ च्या मार्च महिन्यात ल्यूबेक या बंदराच्या शहरी झाला. वडील कायदेपंडित होते. गोथा संस्थानचा अधिपती ड्यूक अर्न्स्ट याने त्यांना आपल्या सेवेत बोलाविले, तेव्हा फ्रांके तीन वर्षांचे होते. या ड्यूकविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. तीस वर्षे चाललेल्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आपल्या छोट्या राज्यात त्याने १६४२ मध्येच शाळांची नवी पद्धती लागू करून खेड्यापाड्यांतील मुलामुलींनाही शाळा सक्तीची केली होती. शेतकऱ्याच्या पोराने लिहिता-वाचता येणे ही नवलाची गोष्ट नव्हे, हे फ्रांके यांनी बालपणीच पाहिले. पुढे ग्लाउखातील मुलांचे अज्ञान पाहून त्यांना जो धक्का बसला, त्याचे एक कारण हेही असावे.

सातव्या वर्षी पितृछत्र हरपले. तरीही एर्फुर्ट, कील आणि लाइप्झिग येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. हिब्रूसाठी ते हॅम्बुर्गच्या एका नामांकित विद्वानाच्या पायाशी बसले. लाइप्झिगला १६८६ मध्ये त्यांनी आपल्या मित्रांसह पवित्र शास्त्राचा मूळ भाषांतून अभ्यास करणारे एक मंडळ काढले. त्या काळच्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वादविवादाचे शास्त्र पाठ असे, पण संपूर्ण पवित्र शास्त्र वाचलेले असेच असे नाही; म्हणून या मंडळाचे अप्रूप. पुढच्याच वर्षी ल्यूनेबुर्ग येथे योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील विश्वासाविषयीच्या एका वचनावर उपदेश करण्याची पाळी आली असता, आपल्याजवळ तो विश्वासच नाही, या जाणिवेने ते हादरले. काही दिवसांच्या तळमळीनंतर गुडघे टेकलेल्या स्थितीत त्यांना जी शांती लाभली, ती त्यांनी आयुष्यभर विसरली नाही. त्यानंतर श्पेनर यांच्या भक्तिवादी चळवळीशी त्यांचे नाते जडले आणि त्याबरोबर विरोधही वाट्याला आला. लाइप्झिगला व्याख्यानांवर बंदी आली. एर्फुर्टमधून १६९१ मध्ये त्यांना हद्दपार करण्यात आले. ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीने आश्रय दिला म्हणून ते हालेला पोहोचले.

ग्लाउखातील प्रथेप्रमाणे दर गुरुवारी भिकारी पाळकाच्या दारी येत आणि भाकरीचा तुकडा घेऊन जात. फ्रांके यांनी त्यांना दारातच न ठेवता घरात घेण्यास आरंभ केला. मोठी माणसे एका बाजूस, मुले दुसऱ्या बाजूस. मग पाव तास ते मुलांना प्रश्नोत्तरावलीतील साधे प्रश्न विचारीत आणि मोठ्यांनी ते ऐकावे, असा क्रम असे. मोठ्यांना थेट विचारून लाजवावयाचे नाही, ही त्यातील खुबी. मुलांच्या उत्तरांवरून अज्ञान किती खोल आहे ते कळले. त्यांनी आईबापांना शाळेच्या शुल्काचे पैसे दर आठवड्यास देऊ केले. मुले पैसे नेण्यास नेमाने येत. शाळेत मात्र त्यांतील बरीचशी जात नसत. हे पहिले अपयश.

१६९५ च्या आरंभी त्यांनी आपल्या घरात एक दानपेटी बसविली आणि तिच्यावर योहानाच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे सतरावे वचन लिहिले. संपत्ती जवळ असून बंधूची गरज पाहणाऱ्या आणि तरी मन घट्ट करणाऱ्या माणसाविषयी ते वचन बोलते. मूळ ग्रीकमध्ये तेथे आतड्यांसाठीचा शब्द आहे. गरजवंताला पाहून आपली आतडी बंद करून घेणारा माणूस, असे ते चित्र आहे. भाषांतरकाराला युरोपीय भाषांत हा शब्द जड जातो. आपल्या मराठीत मात्र दुसऱ्याच्या दुःखाने आतडे तुटतेच. फ्रांके ग्रीक शिकवीत असल्यामुळे हे वचन निवडताना तो शब्द त्यांच्या डोळ्यांपुढे असणारच.

सुमारे तीन महिन्यांनी, ईस्टरच्या सुमारास, त्या पेटीत एकाच व्यक्तीने टाकलेले चार थालर व सोळा ग्रोशन सापडले. त्या काळी चोवीस ग्रोशनचा एक थालर होत असे. रक्कम मोठी नव्हती, पण एरवी पेटीत पडणाऱ्या चिल्लरीच्या मानाने ती घबाडच होती. एवढ्या भांडवलावर गरिबांची शाळा काढावयाचीच, असा निश्चय करून फ्रांके यांनी त्याच दिवशी दोन थालरांची पुस्तके आणविली आणि विद्यापीठातील एका गरीब विद्यार्थ्याला रोज दोन तास मुलांना शिकविण्याच्या कामी नेमले. वेतन आठवड्याला सहा ग्रोशन. हिशेब केला तर उरलेल्या पैशांत त्याचे जेमतेम दहा आठवडे निभले असते. वर्गासाठी जागा म्हणजे पाळकाच्या अभ्यासिकेबाहेरची खोली.

सत्तावीस पुस्तके मुलांना वाटण्यात आली. परत आली ती चार. बाकीची मुले पुस्तकांसह दिसेनाशी झाली. कोणी ती विकलीही असतील. एखादा दाता येथेच हात झटकून मोकळा झाला असता आणि गरिबांना शिक्षणाची चाडच नाही, असे सांगत फिरला असता. असे बोल आपणही पुष्कळ ऐकतो. फ्रांके यांनी सोळा ग्रोशनांची पुस्तके पुन्हा विकत घेतली आणि एकच नियम केला : वर्ग सुटल्यावर पुस्तके खोलीतच ठेवून जायचे. ज्या घरात भाकरी नाही त्या घरात पुस्तक हे विकण्याजोगे सामान असते; त्याचा दोष मुलाला लावण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ताडले होते. त्या काळाच्या मानाने ही समजूत असामान्य होती.

शाळा बरी चालते असे दिसताच आसपासचे बऱ्या स्थितीतील नागरिक आपली मुले आणू लागले. ते आठवड्याला एक ग्रोशन शुल्क देत. त्यामुळे शिक्षकाचे वेतन वाढले, तास दोनाचे पाच झाले आणि त्याच उन्हाळ्यात मुलांची संख्या पन्नास-साठांवर गेली. खोली अपुरी पडली, शेजारी जागा घ्यावी लागली. पण आता नवीच अडचण दिसू लागली. सकाळी वर्गात जे कमावले ते सायंकाळी घरी आणि रस्त्यावर गमावले जात होते. काही मुलांना तर घरच नव्हते. याच सुमारास एका दात्याने पाचशे थालरांचे भांडवल दिले. त्याचे वर्षाचे व्याज पंचवीस थालर, म्हणजे एका अनाथ मुलाचा खर्च. एक मूल शोधावयास गेले असता चार पोरकी मुले समोर आली. कोणते घ्यावे आणि कोणती परत पाठवावी हे ठरवणे फ्रांके यांना जमले नाही. त्यांनी चौघांनाही ठेवून घेतले. वर्ष संपण्यापूर्वी ती संख्या नऊ झाली. त्यांच्या देखरेखीसाठी गेओर्ग हाइनरिख नॉयबाउअर नावाचा विद्यार्थी नेमला गेला. १६९७ मध्ये फ्रांके यांनी त्याला हॉलंडला पाठवून तेथील अनाथाश्रम कसे बांधले आहेत व कसे चालतात, याची बारीकसारीक माहिती आणविली.

मुलांच्या शिक्षणाचे सूत्र हाती आले, तसे दुसऱ्या एका गरजू वर्गाकडे त्यांचे लक्ष गेले. विद्यापीठात शिकावयास आलेले कित्येक तरुण उपाशी असत. खेड्यातून पायी आलेला, हुशार, पण दोन वेळच्या जेवणाची भ्रांत असलेला विद्यार्थी ही त्या काळच्या प्रत्येक विद्यापीठाची व्यथा होती. प्रारंभी फ्रांके अशांना थोडे पैसे देत. १६९६ पासून त्यांनी पैशांऐवजी मोफत भोजनाची सोय केली. पहिल्या पंगतीला चोवीस विद्यार्थी होते. अट एकच : जेवणाऱ्याने रोज दोन तास शाळेत शिकवावे. मात्र शिकविण्याचे काम त्यांच्यावर नुसते सोपवून दिलेले नव्हते. धडा कसा द्यावा, मुलाशी कसे बोलावे, याचे शिक्षण त्यांना मिळत असे आणि वर्गांवर तपासनीसांची नजर असे. अशा रीतीने गरिबांच्या मुलांना शिक्षक मिळाले, गरीब तरुणांना अन्न मिळाले आणि जर्मनीला प्रशिक्षित शिक्षकांचा मोठा पुरवठा सुरू झाला. माझ्या मते, फ्रांके यांच्या सर्व योजनांमध्ये ही सर्वांत मोलाची. ज्याला साह्य दिले त्याच्याच हातून दुसऱ्याला साह्य पोहोचते आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

१६९८ साली त्यांनी गोल्डन ईगल नावाचा गुत्ता विकत घेतला आणि १३ जुलै रोजी त्या परिसरात अनाथाश्रमाच्या भव्य इमारतीची कोनशिला बसविली. पोरक्या मुलांसाठी एवढा वाडा कशाला, अशी टीका झाली. बांधकाम चालू असता मजुरीचा दिवस उद्यावर आला आहे आणि हाती काही नाही, अशी वेळ अनेकदा आली. आणि ऐन वेळी कोठून तरी पाकीट आल्याचे प्रसंगही घडले. फ्रांके यांनी स्वतः हे प्रसंग लिहून ठेवले व प्रसिद्ध केले. त्यांचे भाषांतर इंग्रजीत झाले आणि पुढच्या शतकांतील अनेक सेवकांना त्यांतून बळ मिळाले. हाले विद्यापीठातच शिकलेले, काही काळ त्याच अनाथाश्रमातील मोफत निवासात राहिलेले जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथगृह उघडले, ते फ्रांके यांचे चरित्र पुन्हा वाचल्यानंतर.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या उपदेशांतून फ्रांके यांची कथा बहुधा पाकिटापाशीच संपते. विश्वासाने प्रार्थना केली आणि पैसे आले, एवढेच श्रोत्यांच्या लक्षात राहते. ते खोटे नाही. परंतु ती अर्धीच हकीकत आहे. या मनुष्याने राज्यकर्त्याकडून मुद्रणालय व औषधालय चालविण्याचे हक्क आणि करमाफी यांची सनद मिळविली. एलर्स नावाच्या सहकाऱ्याने फ्रांके यांचा एक छापील उपदेश लाइप्झिगच्या जत्रेत विकण्यापासून आरंभ करून मोठा पुस्तक-व्यवसाय उभारला. आश्रमाचे वैद्य रिख्टर यांनी तयार केलेल्या औषधांना दूरदूरच्या देशांतून मागणी येऊ लागली आणि त्या नफ्यावर शेकडो मुले जेवली. फ्रांके पहाटे गुडघ्यांवर असत आणि दिवसा हिशेबाच्या वह्यांवर. या दोहोंत त्यांना विसंगती वाटली नाही.

शाळांची रचना मात्र त्या काळच्या समाजाच्या उतरंडीप्रमाणेच राहिली. गरिबांसाठी व सामान्य नागरिकांसाठी जर्मन शाळा, विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी लॅटिन शाळा आणि सरदार-श्रीमंतांच्या मुलांसाठी वेगळे विद्यालय. ही उतरंड मोडण्याचे धाडस फ्रांके यांनी केले नाही. आजच्या वाचकाला ते खटकते आणि खटकावयासही हवे. पण भिंतीत त्यांनी एक दार ठेवले होते. अनाथ मुलांची पारख केली जाई. ज्याची बुद्धी चालते त्याला लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकवून विद्यापीठाच्या वाटेला लावीत, बाकीच्यांना धंद्याचे शिक्षण देत. भिकाऱ्याचा मुलगा पाळक किंवा प्राध्यापक होऊ शकतो, ही गोष्ट तेथे नियमाने घडू शकत होती. लॅटिन शाळेत प्रत्येक विषयाचे वर्ग स्वतंत्र ठेवलेले असत, म्हणजे गणितात पुढे असलेला मुलगा लॅटिनमध्ये मागे असला तरी अडत नसे. वनस्पतींची बाग, यंत्रांच्या प्रतिकृती, देशोदेशींच्या वस्तूंचे संग्रहालय ही साधने पुस्तकांच्या जोडीला होती.

शिस्त कडक होती, फार कडक. खेळण्याला त्या दिनक्रमात जागा नव्हती. मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, त्याची मनमानी मोडली पाहिजे, अशी फ्रांके यांची ठाम समजूत होती. बाळाला हसताना पाहिलेल्या कोणालाही ती आज पटणार नाही. आणखी एक डाग आहे. १७२३ मध्ये हाले येथील तत्त्वज्ञ क्रिस्टिआन वोल्फ यांना राजाने अठ्ठेचाळीस तासांत राज्याबाहेर जाण्याचा, अन्यथा फाशीचा, हुकूम दिला. त्यामागे ज्या ईश्वरविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या तक्रारी होत्या, त्यांत फ्रांके हेही होते. जो स्वतः एर्फुर्टमधून हाकलला गेला होता त्याने दुसऱ्याच्या हद्दपारीला हातभार लावावा, याचे समर्थन करण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

पुस्तकांच्या प्रश्नाचे उत्तरही अखेर हालेतच सापडले. फ्रांके यांचे स्नेही कार्ल हिल्डेब्रांट फॉन कान्श्टाइन या उमरावाने १७१० मध्ये स्वस्त पवित्र शास्त्र छापण्याची संस्था काढली. युक्ती अशी की, एकदा जुळविलेले खिळे मोडावयाचे नाहीत. सर्व पृष्ठे तशीच उभी ठेवून हवे तेव्हा पुन्हा छापावयाचे. भांडवल प्रचंड लागले, परंतु १७१२ मध्ये नवा करार दोन ग्रोशनांना मिळू लागला. सतरा वर्षांपूर्वी त्या पहिल्या विद्यार्थी-शिक्षकाला आठवड्याला सहा ग्रोशन मिळत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या किमतीचा अर्थ कळतो. गरिबाचे मूल आता पुस्तक घरी नेऊ शकत होते.

१७१३ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म याने या शाळा स्वतः पाहिल्या. १७१७ मध्ये त्याने आपल्या राज्यात मुलांना शाळेत पाठविण्याचा हुकूम काढला आणि १७२४ मध्ये पोट्सडामला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी हालेच्या नमुन्यावर आश्रम उभारला. हुकूम निघाला म्हणून सर्वत्र शाळा उघडल्या असे झाले नाही. पण गरिबांच्या मुलांचे शिक्षण ही राज्याची चिंता आहे, हे मान्य झाले.

१७२७ च्या मे महिन्यात, आजारी असतानाच, फ्रांके यांना आश्रमाच्या बागेत नेण्यात आले. तेथे बसून त्यांनी बराच वेळ मोठ्याने प्रार्थना केली. ८ जून रोजी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी जर्मन शाळांत १,७२५ मुलेमुली, लॅटिन शाळेत ४०० आणि श्रीमंतांच्या विद्यालयात ८२ विद्यार्थी होते. आश्रमात १०० अनाथ मुलगे व ३४ मुली होत्या, आणि विद्यापीठातील अडीचशेच्या वर गरीब विद्यार्थी रोज तेथे जेवत होते. ही संस्था पुढे दोन शतके चालली. १९४६ मध्ये ती शासनाने बंद केली आणि जर्मनी एक झाल्यावर पुन्हा उभी राहिली.

भारताशी तिचे नाते फ्रांके यांच्या हयातीतच जडले. डेन्मार्कच्या राजाने पाठविलेले झिगेनबाल्ग व प्ल्यूट्शाउ हे दोघे हालेचे विद्यार्थी ९ जुलै १७०६ रोजी तरंगमबाडीला उतरले. झिगेनबाल्ग स्वतः लहानपणीच पोरके झालेले. भाषा शिकता शिकताच त्यांनी शाळा काढल्या, १७०७ मध्ये मुलींचीही, आणि हालेच्या रीतीने गरीब मुलांच्या अन्नवस्त्राची सोयही शाळेतच केली. तमिळ खिळे हाले येथे ओतून पाठविण्यात आले आणि झिगेनबाल्ग यांचा तमिळ नवा करार १७१५ मध्ये छापून पूर्ण झाला.

हालेच्याच पंगतीतला पुढच्या पिढीचा एक माणूस म्हणजे क्रिस्टिआन फ्रीडरिख श्वार्ट्झ. फ्रांके यांच्या मृत्यूनंतर हालेत शिकलेले व तेथील शाळेत शिकविलेले श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आले आणि तंजावरच्या मराठा दरबारात त्यांच्या शब्दाला वजन आले. १७८७ मध्ये मरणोन्मुख तुळजाजी राजांनी आपला दत्तकपुत्र सरफोजी यास त्यांच्या स्वाधीन केले. या मुलाचे शिक्षण व्हावे, त्याचा वारसाहक्क बुडू नये, यासाठी श्वार्ट्झ अखेरपर्यंत झटले. १७९८ च्या फेब्रुवारीत ते वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. पण आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडहून संगमरवरी शिल्प करवून आणले, देवनागरी मुद्रणालय घातले आणि इसापनीतीचे मराठी भाषांतर बालबोध मुक्तावली या नावाने छापविले. तंजावर शहरात आणि ओरतनाड येथील मुक्तांबाळ छत्रात त्यांनी मोफत शाळा चालविल्या. तेथे वाटसरूंसाठी अन्नछत्र होते. त्याच छत्रात मुलांना जेवण मिळे आणि अक्षरेही शिकवली जात.